थंडी फुकट मिळते, रस्ता मिळत नाही

दर डिसेंबरात परभणी दोन-चार दिवस राज्याच्या बातम्यांत येते. पारा घसरला, परभणी गारठली, चौकाचौकांत शेकोट्या पेटल्या. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात मोजलेला आकडा मोबाइलवरून फिरतो. डिसेंबर २०२४ मध्ये तो पाच अंशांच्याही खाली गेला होता. आकड्यापाठोपाठ रील्स येतात. धुक्यात पळणारी पोरं, मागे छाती फुगवणारं संगीत आणि वर पिवळ्या अक्षरांत : ‘थंडी वाजत नसते, बहाणे वाजत असतात.’

माझं भांडण त्या पिवळ्या अक्षरांशी आहे.

मी त्याच धुक्यात पळते. (पेपरात धावपटू ‘धावतात’. आमच्याकडं सगळे पळतात.) पूर्ण मॅरेथॉनच्या तयारीचा हा माझा दुसरा हिवाळा. पूर्ण म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे शाळेच्या पोरांना टोप्या घालून तीन किलोमीटर पळवलं तरी बॅनरवर मॅरेथॉनच लिहितात. या दोन हिवाळ्यांत मला सगळ्यांत जास्त वेळा मिळालेला सल्ला एकच आहे : इच्छाशक्ती पाहिजे, बाकी काही लागत नाही. काकांनी दिला, जिमवाल्यानं दिला, बक्षीस वाटायला आलेल्या पाहुण्यांनी दिला. हे वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं आहे. आणि हे साधंसुधं खोटं नाही. रस्ता, दिवा, मैदान देणं ज्यांचं काम आहे त्यांना ते मोकळं सोडतं, आणि अर्ध्यात पळणं सोडलेल्या पोरीला आळशी ठरवतं.

आधी थंडीचं. थंडी ही पळणाऱ्याची अडचण नाहीच, उलट आमच्या वाट्याला आलेली ती एकमेव फुकटची सोय आहे. पळताना शरीर जी ऊर्जा जाळतं, तिच्यातला साधारण तीन-चतुर्थांश भाग नुसत्या उष्णतेत जातो. ती बाहेर टाकण्यात शरीराची शक्ती खर्च होते, म्हणून लांब पळायला दहा अंशांच्या आसपासची हवा सगळ्यांत चांगली. आता आमचा भूगोल बघा. समुद्र दूर, काळी जमीन, उघडं माळरान, हिवाळ्यात आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली माती रात्री सगळी ऊब वर सोडून देते आणि अडवायला ढगांची गोधडी नसते. त्यामुळं डिसेंबरातली परभणीची पहाट म्हणजे मॅरेथॉनवाल्यांनी तिकीट काढून यावं अशी हवा. पहिले दोन किलोमीटर बोटं बधिर, नाक गळतंय, छातीत कोरडी हवा टोचते. तिसऱ्या किलोमीटरला शरीराचं इंजिन लागतं आणि मग असं वाटतं की हे असंच पूर्णेपर्यंत जाता येईल.

मात्र ही सोय वेळेची बांधलेली आहे. सकाळी सहाला आठ अंश असतात आणि साडेनऊला त्याच रस्त्यावर ऊन चटकायला लागतं; दुपारी तीसपर्यंत जातं. मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्यातून एकदा लांब पळावं लागतं : १६ किलोमीटर, १८, २२, मग हळूहळू २८, ३०, ३२. माझ्या वेगानं ३२ किलोमीटरला साडेतीन तास लागतात. म्हणजे थंडीचा फायदा घ्यायचा तर पहाटे पाचला, अंधारात, रस्त्यावर असायला हवं. इच्छाशक्तीची गोष्ट इथंच संपते. इथून पुढं मुलगी, अंधार आणि रस्ता यांची गोष्ट सुरू होते.

तो रस्ता कसा असतो ते सांगते. नोव्हेंबर ते मार्च कारखान्यांचा हंगाम. उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला ऊस, आणि मागचा लाल दिवा असलाच तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. धुकं असलं की आधी आवाज येतो, मग एकदम अंगावर डोंगर येतो. डांबराच्या कडेला पाय ठेवायला जागा नाही. काळी माती पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात भेगा, त्या भेगेत घोटा मुरगळला तर सहा आठवडे गेले. कुत्री आहेत. शेकोटीभोवती बसलेली माणसं आहेत, त्यांतले निम्मे काळजीनं विचारतात, “कशाला पळायलीस माय एवढ्या अंधारात?” आणि उरलेल्यांतले काही विचारत नाहीत, नुसते बघतात, एखादा गाडी काढून मागं येतो.

म्हणून गेल्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन मागं यायचा. गाडीचा दिवा माझ्या पुढं पडायचा, त्या उजेडात मी पळायचे. तीन तास दुसऱ्या गेअरमध्ये गाडी चालवणं काय असतं ते करून बघा. त्याच्या हाताला जास्त थंडी वाजायची, मी निदान पळत होते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्याला चाकणला कंपनीत काम लागलं आणि तो गेला. माझी सगळ्यांत लांब पळी तेव्हा २६ किलोमीटरची झाली होती. ती तिथंच थांबली. माझी इच्छाशक्ती चाकणला गेली नव्हती, भाऊ गेला होता. पण त्या महिन्यात जो भेटला त्यानं मला शिस्तीवर भाषण दिलं.

यंदा मी मैदानावर पळते. ४०० मीटरची फेरी. ३२ किलोमीटरला ८० फेऱ्या. दर दहा फेऱ्यांना मी दिशा बदलते, नाहीतर एकाच बाजूचा गुडघा बोलायला लागतो. फेऱ्यांचं मला काही वाटत नाही. वाटतं ते चषकांचं. हिवाळा हा आमच्याकडं टेनिस बॉल क्रिकेटचाही हंगाम आहे, आणि जिल्ह्यात पुढाऱ्यांची संख्या पुरेशी असल्यामुळं कुणाचा ना कुणाचा वाढदिवस चालूच असतो. मंडप पडतो, मैदानाच्या मधोमध रोलर फिरतो, फेरीच्या वाटेवर खुर्च्या येतात. आठ दिवस पळणं बंद. मी एका आयोजकाला विचारलं, सकाळी सहा ते आठ तेवढ्या खुर्च्या सरकवता का. तो चांगला माणूस होता, हसून म्हणाला, “ताई, तुमचं काय, तुम्ही कुठंपण पळू शकता.”

कुठंपण. हाच तो समज. पळायला काहीच लागत नाही म्हणून पळणाऱ्याला काहीच द्यायचं नाही.

यावर लोक मला एक नाव ऐकवतात. “ज्योती गवते झाली ना आपल्या परभणीची?” झाली. आणि किती मोठी झाली हे त्या नावाचा दाखला देणाऱ्यांना बहुधा माहीत नसतं, म्हणून सांगते. २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली, २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. २०१८, २०१९ आणि २०२० अशी लागोपाठ तीन वर्षं ती सुधा सिंगच्या मागोमाग दुसरी आली. त्यातल्या २०१९ ला तिची वेळ होती २:४५:४८. हिशेब केला तर सरासरी किलोमीटरला ३ मिनिटं ५६ सेकंद, असे बेचाळीस किलोमीटर. माझ्या वेगापुढं हे मला अजूनही गणितातली चूक वाटते.

पण ‘ज्योती झाली’ हे वाक्य ज्या पद्धतीनं वापरलं जातं ते मला चीड आणतं. एक जण पोहून नदीपार गेला म्हणून पुलाची मागणी करणाऱ्यांना गप्प बसवावं, तसं ते आहे. एवढ्या जिल्ह्यातून राष्ट्रीय दर्जाची मॅरेथॉनवाली म्हणून लोकांच्या तोंडी हे एकच नाव असेल, तर त्या एका नावानं व्यवस्था सिद्ध होत नाही. उलट ती नव्हती हे दिसतं. आणि तिच्या वेळा कुणी पाठ करत नाही. पाठ असतो तो फक्त तिच्या नावाचा उपयोग.

दुसरं उदाहरण येतं ते केनियाचं. ‘ते पण गरीबच ना, अनवाणी पळत शाळेत जायचे.’ गरिबीनं धावपटू तयार होत असते तर मराठवाड्यानं आजवर ऑलिंपिकची पदकं ठेवायला गोदाम बांधलं असतं. केनियातल्या इटेन गावाची उंची साधारण २,४०० मीटर आहे, हे खरं. पण तिथं सेंट पॅट्रिक्स नावाची शाळा आहे, तिथं १९७६ मध्ये कोल्म ओ’कॉनेल नावाचे आयरिश ब्रदर शिकवायला आले आणि दशकानुदशकं पोरं घडवत राहिले. तिथं पायाला मऊ लागणारे मातीचे रस्ते आहेत, आणि सकाळी पळायला निघालं की शेजारी आपल्यापेक्षा वेगवान माणूस सापडतो. एकट्यानं पळून कुणी तिथं पोचलेलं नाही.

आणि एलियुड किपचोगे! ‘कुठल्याही माणसाला मर्यादा नसते’ हे त्याचं वाक्य तर रील्सवाल्यांचा मंत्रच झालंय. १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नात त्यानं १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं. त्या सकाळची दुसरी बाजू रीलमध्ये मावत नाही. त्यासाठी झाडांच्या सावलीतला सव्वाचार किलोमीटरचा सपाट, सरळ रस्ता शोधला होता. त्या रस्त्याचे काही भाग नव्यानं डांबरी केले होते, वळणावर उतार बांधला होता. तारीख हवामान बघून पक्की केली होती. वेग धरून द्यायला आणि वारा अडवायला ४१ धावपटू आळीपाळीनं त्याच्याभोवती पळत होते. अशा मदतीमुळंच ती वेळ विश्वविक्रम म्हणून धरली गेली नाही. जगात इच्छाशक्तीचा पुतळा करायचा तर ज्याचा करतील, त्या माणसालाही रस्ता दुरुस्त करून लागला. आणि मला सांगतात, बहाणे देऊ नको.

यात सगळ्यांत जास्त नुकसान माझं होत नाही. मी नोकरी करते, हौसेनं पळते, थांबले तरी जेवायला मिळतं. पहाटे पाचला जिंतूर, वसमत, गंगाखेड, पाथरी यांतल्या कुठल्याही रस्त्याला उभं राहा. तिथं पोरापोरींचे घोळके दिसतील. ते मॅरेथॉनसाठी पळत नाहीत, भरतीसाठी पळतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर असतात. ५ मिनिटं १० सेकंदांत संपवले तर २० पैकी २० गुण. मुलींना ८०० मीटर, २ मिनिटं ५० सेकंद. अग्निवीरचं वय साडेसतरा ते एकवीस, नोकरी चार वर्षांची, आणि पुढं कायम होणार चौघांत फार तर एक.

त्या ८०० मीटरवाल्या मुलीचा वेग काढला तर किलोमीटरला ३ मिनिटं ३३ सेकंदांच्या आसपास येतो. ज्योतीच्या ३:५६ पेक्षा तो जास्त आहे. याचा अर्थ ती उद्या मॅरेथॉन जिंकेल असा नाही; तो वेग थोडा उतरवून बेचाळीस किलोमीटर धरून ठेवायला वर्षं लागतात. पण सुरुवात करायला लागणारे पाय तिच्याकडे आहेत. असे पाय या जिल्ह्यात दर हिवाळ्यात शेकड्यांनी रस्त्यावर असतात आणि भरतीची यादी लागली की घरी जातात.

त्यांना पळवलं कसं जातं तेही बघण्यासारखं आहे. रोज डांबरावर, रोज जीव खाऊन, घड्याळ लावून १६०० मीटर. लांब पळण्याचं शास्त्र नेमकं उलटं सांगतं : आठवड्यातलं बरंचसं पळणं इतकं सावकाश असावं की शेजाऱ्याशी बोलता यावं. हे पोरांना सांगितलं तर ती हसतात, कारण सावकाश पळून गुण कुठं मिळतात? मग नडग्या दुखायला लागतात, त्यावर बाम आणि क्रेप बँडेज, आणि परत दुसऱ्या दिवशी तेच. माझ्यासोबत मैदानावर पळणारी एक मुलगी आहे, वय तेवीस. पाच गुणांनी गेली. आता घरचे म्हणतात बस झालं. तिच्यामते तिचं पळायचं वय संपलं. मी तिला सांगितलं की किपचोगेनं २०१८ मध्ये बर्लिनला विश्वविक्रम केला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. ती म्हणाली, “त्याला स्थळं येत नसतील, ताई.”

या उत्तरावर माझ्याकडे काही नव्हतं. इच्छाशक्तीवाल्यांकडे असेल तर त्यांनी तिच्या आईला येऊन सांगावं.

अजून एक गोष्ट, जी बक्षीस समारंभात कुणी काढत नाही : रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत पोचणारा प्राणवायू कमी. अशी मुलगी चौथ्या किलोमीटरला धापा टाकते आणि आपण म्हणतो, दम नाही. गंमत अशी की यावरच्या उत्तराचा एक तुकडा आमच्याच विद्यापीठानं शोधलाय. ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण, लोह आणि जस्त जास्त असलेलं, इक्रिसॅटसोबत काम करून २०१८ मध्ये दिलेलं. माझ्या गावातल्या दुकानात मी विचारलं तेव्हा दुकानदारानं मला शक्तिवर्धक पावडरीचा डबा दाखवला. दोन हजार रुपये.

आणि ज्यांना मैदानावर यायलाही मिळत नाही त्या? दिवाळी झाली की गंगाखेड, सोनपेठकडच्या गावांतून उसाच्या तोडीला कुटुंबंच्या कुटुंबं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. परततात उन्हाळा लागल्यावर. पळण्याचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच आहे. आमच्या शाळेत एक मुलगी होती, जिल्ह्याच्या स्पर्धेत ३००० मीटरला पहिली आलेली. पुढच्या फेरीच्या वेळी ती कोयत्यावर होती. थंडीत पहाटे चारला तीही उठत होती, रोज, आमच्या सगळ्यांच्या आधी. पिवळ्या अक्षरांत तिच्या चारच्या उठण्याला काय म्हणतात?

बाकी मुंबईचा खर्च, बूट, गाडी यांवर मी फार लिहीत नाही, तो कुणालाही कळतो. एवढंच सांगते : मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला नाव द्यायचं तर आधी वेळ मोजलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. ते आणायला मी एकदा संभाजीनगरला जाऊन आले. मग धावण्याचा क्रमांक घ्यायला आदल्या दिवसांत स्वतः मुंबईत हजर राहायचं, म्हणजे देवगिरीचं किंवा नंदीग्रामचं तिकीट, दोन रात्रींची सोय, कामावरून सुट्टी. शिवाय आठ अंशांत तयार झालेलं शरीर समुद्राकाठच्या दमट हवेत नेऊन उभं करायचं. तिथं घाम वाळतच नाही. परभणीत पळताना घाम दिसत नाही म्हणून पाण्याची आठवण राहात नाही, आणि मुंबईत तेच शरीर पंधराव्या किलोमीटरला पाणी मागतं. हे मला कळलं ते मुंबईत पळून आलेल्या एका शिक्षकांकडून. जिल्ह्यात अशी दहा माणसं एका जागी भेटली तर अर्धी तयारी तिथंच होईल.

तर मला काय पाहिजे? सिंथेटिक ट्रॅक मी मागतच नाही. ते मागितलं की लोक निधी, निविदा, उद्घाटन यांत रमतात आणि दहा वर्षं जातात. मला रविवारी पहाटे पाच ते आठ, नोव्हेंबर ते जानेवारी, शहराला लागून पाच किलोमीटरचा एक रस्ता गाड्यांना बंद करून पाहिजे. दिवे चालू. दोन्ही टोकांना एक-एक पोलीस, त्यात एक बाई. पाण्याचा एक जार. बोगोटा शहरात दर रविवारी शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते सकाळपासून दुपारपर्यंत गाड्यांना बंद असतात, १९७० च्या दशकापासून. ते शहर काही बुडालं नाही. आपल्याकडे मिरवणुकीला, सभेला, मंत्र्यांच्या ताफ्याला रस्ता बंद होतोच. बॅरिकेड आहेत, शिट्ट्या आहेत, बंद करायची सवयही आहे.

भरतीची पोरं येतील. तेवीस वर्षांची ती येईल, कारण उजेड आणि गर्दी असली तर आई सोडते म्हणाली. शेकोटीवरच्या म्हाताऱ्यांनाही चालायला जागा होईल. आणि मला पाच किलोमीटरच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर करायला तीन वेळा जाऊन यायचं आणि वर दोन किलोमीटर. या रविवारी मैदानावर पुन्हा मंडप आहे, वाढदिवस कुणाचा ते अजून बॅनरवर लागायचंय.